न्याहारी आणि पाखाडी



मुलांना प्रश्न विचारावयाचे आणि आलेलीं उत्तरें फळ्यावर मांडावयाचीं, ही आम्हां शिक्षकांची जुनी खोड आहे. गेल्या पावसाळ्यांत इयत्ता आठवीच्या वर्गावर 'आहार' हा पाठ चालू असतां मीं तसेंच केलें. आज सकाळीं काय खाल्लें तें प्रत्येकानें उभें राहून सांगावें, असें मीं फर्माविलें. पहिल्या बांकावरून ब्रेड-बटर आलें, दुसऱ्यावरून कॉर्नफ्लेक्स आले, मग बराच वेळ चहा-बिस्किटेंच येत राहिलीं. एका मुलीनें 'घावन' म्हटलें तेव्हां मागच्या बाजूस थोडी खसखस पिकली. शेवटच्या बांकावरचा एक मुलगा उठला, क्षणभर थांबला, 'ब्रेड-जॅम' असें म्हणाला आणि खालीं बसला. मीं तेंही फळ्यावर लिहिलें.

तिसऱ्या तासाला तोच मुलगा बांकावर डोकें टेकून बसलेला दिसला. त्यास शिक्षकांच्या खोलींत नेऊन पाणी आणि गुळाचा खडा दिला, तेव्हां हळूहळू खरी गोष्ट बाहेर आली. त्याच्या गांवची एस. टी. पहांटे पावणेसहाला सुटते. त्या वेळीं घरांत चूल नुकती पेटलेली असते, आणि पेज शिजण्यास तासभर तरी लागतो. कोरा चहा घेऊन तो निघाला होता. आदल्या रात्रीं आठ वाजल्यापासून त्याच्या पोटांत अन्नाचा कण गेला नव्हता. "मग ब्रेड-जॅम कां सांगितलेंस?" असें मीं विचारलें. तो म्हणाला, "सर, कांहींच खाल्लें नाहीं म्हटलें असतें, तर तुम्हीं सगळ्यांसमोर कारण विचारलें असतें. आणि पेज म्हटलें असतें, तर पोरें हंसलीं असतीं."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मीं कारण विचारलें असतें, आणि पोरें हंसलीं असतीं.

त्या रात्रीं मला योहानकृत शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय आठवला. तिबिर्याच्या समुद्रावर रात्रभर जाळीं टाकून थकलेले शिष्य पहांटे कांठाला येतात. प्रभूनें तेथें कोळशांचा विस्तव करून त्यावर मासळी ठेविलेली असते, जवळ भाकर असते. आणि तो त्यांना प्रथम न्याहारीस बोलावितो. शिमोन पेत्राला जो अवघड प्रश्न तीन वेळां विचारावयाचा आहे, तो त्यांचें खाणें झाल्यावर विचारतो. हा उतारा मीं रविवारच्या शाळेंत कितीदां तरी शिकविला आहे. आधीं न्याहारी आणि मग प्रश्न, हा त्यांतला क्रम मात्र मला त्या दिवसापर्यंत दिसला नव्हता. आमच्या मिरकरवाड्याच्या बंदरावर सकाळीं होड्या लागल्या म्हणजे तोच देखावा दिसतो, तो रोज पाहूनही दिसला नव्हता.

तेव्हां हा लेख म्हणजे त्या दिवशीं अपुरा राहिलेला माझा पाठ आहे असें समजावें.

प्रथम पेजेविषयीं लिहितों, कारण हंसूं तिचें होतें. रत्नागिरी-सिंधुदुर्गांतील पुष्कळ घरीं पेज उकड्या तांदळाची करितात. साळ, म्हणजे टरफलासकट असलेला दाणा, भिजवावयाचा, उकडावयाचा, वाळवावयाचा आणि मग सडावयाचा. असा तांदूळ तो उकडा. शहरांतील लोकांना हा तांदूळ जाडाभरडा आणि तांबूस दिसतो म्हणून तो गरिबाचा वाटतो. परंतु उकडतांना एक गुप्त व्यवहार घडत असतो. कोंड्याजवळ असलेलें ब-१ जीवनसत्त्व पाण्याबरोबर दाण्याच्या आंत शिरतें. पुढें तांदूळ सडला तरी त्याचा बराच अंश दाण्यांत शिल्लक राहतो. पांढऱ्याशुभ्र पॉलिशच्या तांदळांत तें कोंड्याबरोबर गिरणींतच राहून जातें.

हें जगाला कसें कळलें ती हकीगत मोठी मौजेची आहे. १८९० च्या सुमारास जावा बेटांत बटाव्हिया, म्हणजे आजचें जकार्ता, येथें क्रिस्तियान आइकमान नांवाचा डच डॉक्टर बेरीबेरी या रोगाचें कारण शोधीत होता. या रोगांत पाय लुळे पडतात. त्याच्या प्रयोगशाळेंतील कोंबड्याही एकाएकीं लंगडूं लागल्या, आणि कांहीं महिन्यांनीं कांहीं उपाय न करितां बऱ्या झाल्या. चौकशी करतां असें निघालें कीं, मध्यंतरीं त्या कोंबड्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरांतील उरलेला पांढरा भात मिळत असे. पुढें नवा आचारी आला. लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना द्यावयाचा नाहीं, असा त्यानें हट्ट धरला. तेव्हां त्यांना पुन्हां कोंड्यासकट तांदूळ मिळूं लागला आणि त्यांचे पाय सुधारले. एका आचाऱ्याच्या कज्जेदलालीमुळें वैद्यकशास्त्र एक पाऊल पुढें गेलें. आइकमानला १९२९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आचाऱ्याला काय मिळालें तें इतिहासानें लिहून ठेविलेलें नाहीं.

आतां नाचणी पाहा. नाचणीची भाकरी काळी म्हणून डब्यांत झांकून खाणारीं मुलें मीं पाहिलीं आहेत. शंभर ग्रॅम नाचणींत सुमारें ३४० ते ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. तितक्याच पांढऱ्या तांदळांत तें दहाच्या आसपास आणि तितक्याच गाईच्या दुधांत एकशेंवीसच्या आसपास असतें. ज्या वयांत हाडें लांब होत असतात, त्या वयांत या आंकड्यांकडे नीट पाहावें. आणि नाचणी ही केवळ आपल्या वरकस जमिनींतील घरकोंबडी नव्हे. तिचें मूळ घर पूर्व आफ्रिकेंतील उंच डोंगराळ प्रदेशांत आहे; तेथून ती कांहीं हजार वर्षांपूर्वीं आपल्याकडे आली. केनियांत आजही सकाळीं नाचणीच्या पिठाची पातळ लापशी पितात. तिला तेथें 'उजी' म्हणतात, आणि पुष्कळदां ती आंबवूनही करितात. आपल्या आंबिलीची ती सख्खी बहीण. २०२३ हें वर्ष भारताच्या सूचनेवरून संयुक्त राष्ट्रांनीं भरड धान्यांचें वर्ष म्हणून पाळलें, तेव्हां मोठमोठ्या सभांमधून नाचणीचा गौरव झाला. आमच्या वर्गांत मात्र तिचा डबा अजून झांकूनच उघडत होता.

थोडें जगाकडेही पाहूं. १८२० नंतरच्या वर्षांत स्कॉटिश मिशनचे लोक बाणकोट व हर्णै येथें येऊन राहिले आणि त्यांनीं या जिल्ह्यांत शाळा काढल्या. ते ज्या देशांतून आले, तेथली पिढ्यान्‌पिढ्यांची न्याहारी म्हणजे ओट या धान्याची, पाण्यांत शिजविलेली, मीठ घातलेली पेज. जुन्या चालीचे स्कॉटिश लोक तींत साखर घालणें कमीपणाचें मानितात. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनीं १८८६ सालीं आणून आपल्या रत्नागिरींत ठेविलें आणि १९१६ सालीं तो येथेंच वारला. त्याचा राजवाडा तुम्हीं सर्वांनीं पाहिला आहे. त्याच्या देशांत सकाळीं 'मोहिंगा' खातात, म्हणजे मासळीच्या दाट कढणांत तांदळाच्या शेवया. जपानांत भात, सोयाबीनच्या मिशाचें कढण आणि भाजलेला मासा. आमचे दर्यावर्दी बांधव सकाळीं भात आणि रात्रीचें कालवण खाऊन निघतात, त्यास नाक मुरडणाऱ्यानें हें ध्यानांत ठेवावें. न्याहारीला पाव किंवा गोड पदार्थच पाहिजे, असा नियम जगांत कोठेंही लिहिलेला नाहीं.

आणि ज्या कॉर्नफ्लेक्सचें नांव वर्गांत इतक्या ऐटीनें घेतलें गेलें, त्यांची जन्मकथा ऐका. अमेरिकेंत मिशिगन प्रांतांत बॅटल क्रीक या गांवीं एक धर्मपंथीय आरोग्यधाम होतें. तेथील डॉ. जॉन हार्वे केलॉग व त्यांचा भाऊ विल यांनीं १८९४ सालीं रोग्यांना पचावें म्हणून शिजविलेले गहूं लाटून, भाजून त्यांचे पापुद्रे केले. मक्याचे पुढें आले. विलनें १९०६ सालीं कंपनी काढली आणि साखर घालून ते बाजारांत आणिले. या साखरेवरून भावाभावांत वांकडें आलें. म्हणजे तीही मूळची आजाऱ्याची पेजच होय. फरक एवढाच कीं, तिला चित्राचा खोका मिळाला आणि आपलीस मिळाला नाहीं.

याचा अर्थ ब्रेड खाणें पाप आहे असा कोणी करूं नये. तसेंच नुसत्या पेजेनें सर्व कांहीं भागतें असेंही मी म्हणणार नाहीं. पेजेबरोबर कुळथाची पिठी, अंडें, मूठभर शेंगदाणे किंवा सुकट असें कांहीं पौष्टिक असावें. नाहीं तर दहा वाजतां पुन्हां पोटांत कावळे ओरडूं लागतात. माझी खरी तक्रार चहा-बिस्किटांविषयीं आहे. फळ्यावर सर्वांत लांब रांग त्यांचीच झाली होती. बिस्किटांत मैदा व साखर, आणि चहा असा कीं तो अन्नांतील लोह अंगीं लागूं देत नाहीं. वाढत्या वयाच्या मुलींना लोहाची गरज अधिक, आणि त्यांच्याच न्याहारीला चहाखेरीज दुसरें कांहीं नाहीं, ही गोष्ट मातांनीं मनावर घ्यावी. चहा पाहिजेच असेल तर तो खाण्यानंतर तासाभरानें घ्यावा. मेंदू वजनानें शरीराचा जेमतेम पन्नासावा भाग; पण शरीराला लागणाऱ्या शक्तीचा पांचवा हिस्सा तो एकटा घेतो. रात्रीं आठाला जेवलेला मुलगा दुपारीं बारापर्यंत उपाशी राहिला तर सोळा तास होतात. त्या सोळाव्या तासाला आम्हीं त्याच्याकडून बीजगणित मागतों.

न्याहारीचा प्रश्न केवळ घरचा आहे असेंही नाहीं. तामिळनाडू सरकारनें १५ सप्टेंबर २०२२ पासून मदुराई येथें आरंभ करून सरकारी प्राथमिक शाळांतील मुलांस सकाळीं उपमा, खिचडी, पोंगल असा गरम नाश्ता देण्यास सुरुवात केली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणांतही शाळेंत न्याहारी असावी असें म्हटलें आहे, आणि गरम अन्न शक्य नसेल तेथें शेंगदाणे किंवा चणे आणि गूळ, अथवा स्थानिक फळें द्यावीं असें सुचविलें आहे. शेंगदाणे आणि गूळ! धोरण करणाऱ्यांना जें सुचलें, तें आमच्या आज्या प्रवासाला निघतांना पदरांत बांधून देत असत.

आतां पाखाडीकडे वळतों. पेज ही एकटी कधीं नव्हती. तिची जोडी श्रमाशीं होती. जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची पाखाडी चढून-उतरून विहिरीवर जावें, घागरी आणाव्या, पातेरा गोळा करावा, पावसाळ्याआधीं भाजावळ, पाऊस पडल्यावर नांगरणी, लावणी, बेणणी, असें कोंकणांतील घराचें वर्ष असे. पहांटे मीठ घातलेली पातळ पेज पिऊन माणूस शेतांत उतरे आणि घामानें जें पाणी व जें मीठ जाणार, तें जणूं आधींच जमा करून ठेवी. जुलाब झालेल्या मुलास डॉक्टर खारट पेज देण्यास सांगतात, तें याच न्यायानें. त्या काळीं 'व्यायाम' हा शब्द कोणी उच्चारीत नसे, आणि त्याची गरजही पडत नसे.

घरांत नळ आला, दळणाची गिरणी आली, याबद्दल मी देवाचे आभारच मानितों. माझ्या आईच्या खांद्यावरची घागर मला परत नको आहे. परंतु घागर गेली तशी ती चढणही गेली, आणि तिच्या जागीं दुसरें कांहीं आलें नाहीं. शाळेची चढण चढण्यास आतां रिक्षा आहे, मधल्या सुटींत हातांत मोबाईल आहे. पांच ते सतरा वर्षें वयाच्या मुलांनीं दिवसाकाठीं सरासरी साठ मिनिटें तरी धांप लागेल असें हालावें, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या वेळापत्रकांत आठवड्याला शारीरिक शिक्षणाचे तास किती, आणि परीक्षा जवळ आली म्हणजे त्यांतले गणिताकडे किती जातात, हें सांगण्यास मला संकोच वाटतो. कारण ते मागून घेणाऱ्यांत मीही आहें.

याच रत्नागिरींत १८५६ सालीं जन्मलेले लोकमान्य टिळक डेक्कन कॉलेजांत गेले तेव्हां प्रकृतीनें किरकोळ होते. त्यांनीं अभ्यास बाजूस ठेवून पहिलें वर्ष तालीम, कुस्ती आणि पोहणें यांत घालविलें आणि पुढें जन्मभर पुरेल असें शरीर कमाविलें. पालकांनीं घाबरूं नये. मी वर्ष मागत नाहीं, तास मागतों.

हा तास कसा घालवावा याविषयीं निरनिराळ्या लोकांनीं निरनिराळ्या युक्त्या काढिल्या आहेत. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि स्वतः रोज सूर्यनमस्कार घालीत आणि त्यांनीं ते आपल्या संस्थानच्या शाळांतून सुरू केले; १९३८ सालीं त्यांचें त्याविषयींचें इंग्रजी पुस्तकही निघालें. आमच्या समाजांत कांहीं घरीं या नांवाविषयीं संकोच आहे, हें मी जाणतों. ज्याला संकोच असेल त्यानें त्याच पाठीला तसाच बांक दुसऱ्या नांवानें द्यावा. पाठीचा कणा नांव विचारीत नाहीं. जपानांत १९२८ पासून रेडिओवर व्यायामाची शिकवण सुरू झाली. महायुद्धानंतर ती कांहीं काळ बंद पडून १९५१ सालीं पुन्हां चालू झाली, आणि सुटीच्या दिवसांत मुलें सकाळीं मैदानावर जमून व्यायाम करितात व हजेरीच्या कार्डावर शिक्का मारून घेतात.

मला स्वतःला सर्वांत पसंत पडली ती स्कॉटलंडमधील स्टर्लिंग गांवच्या एका प्राथमिक शाळेची युक्ति. २०१२ सालीं तेथील मुख्याध्यापिका एलेन वायली यांच्या ध्यानांत आलें कीं, मुलें थोडें पळालीं कीं दमतात. त्यांनीं रोज पंधरा मिनिटें, ज्या कपड्यांत असतील त्याच कपड्यांत, मुलांना मैदानाभोंवतीं पळूं किंवा चालूं दिलें. शर्यत नाहीं, गुण नाहींत, शिट्टी नाहीं. तेवढ्या वेळांत मुलें साधारण मैलभर जात, म्हणून त्याला 'डेली माईल' असें नांव पडलें, आणि पुढें तो प्रघात अनेक देशांत गेला. यांत मला आवडलें तें हें कीं, मागें राहणारा मुलगा हंसण्याचा विषय होत नाहीं. कारण मागें-पुढें असें कांहीं नसतेंच.

खेळांच्या बाबतींत तर आपण मुळींच दरिद्री नाहीं. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या खेळाडूंनीं १९३६ सालीं बर्लिन येथें ऑलिंपिकच्या वेळीं आपल्या देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं. खो-खोला लागतात दोन खांब आणि मोकळी जमीन. त्याच खो-खोचा पहिला विश्वचषक जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीस झाला आणि पुरुष व स्त्रिया दोघांच्याही संघांनीं तो भारतासाठीं जिंकला. लंगडी, आट्यापाट्या, लगोरी यांना तर खांबही लागत नाहींत.

वर्गांत पुढें काय झालें तें आतां सांगतों. दुसऱ्या दिवशीं मीं फळा पुसला आणि मुलांना नांव न घालतां चिठ्ठ्या लिहावयास सांगितलें. यावेळीं ब्रेड-जॅम पुष्कळ कमी झाले. 'कांहीं नाहीं' असें लिहिलेल्या चिठ्ठ्या मात्र इतक्या निघाल्या कीं, मला त्या दोनदां मोजाव्या लागल्या. त्या आठवड्यापासून माझ्या कपाटांत शेंगदाणे आणि गुळाचा एक डबा असतो. कपाटाला कुलूप नसतें, आणि कोणी कधीं घेतलें हें मी पाहात नाहीं. लांबून येणाऱ्या मुलांच्या मातांना एक सुचवितों: उकडा तांदूळ रात्रींच शिजवून ठेवावा, पहांटे गरम पाणी घालून पांच मिनिटें उकळला कीं पेज होते. तेंही न साधलें तर नाचणीच्या भाजलेल्या पिठाची आंबील रात्रीं करून ठेवावी आणि सकाळीं ताक घालून प्यावयास द्यावी. एस. टी. थांबत नाहीं, हें मला मान्य आहे.

श्रावणांत एका शनिवारीं उघाड पडली तेव्हां सबंध वर्ग पहांटे पायीं रत्नदुर्गावर गेला. तिन्ही बाजूंनीं समुद्र, वर ओला वारा, आणि तटावरून धांवणारीं मुलें. परत येईपर्यंत सर्वांना सपाटून भूक लागली होती. शाळेंत दुपारचें जेवण शिजविणाऱ्या बाईंनीं मोठें पातेलें चुलीवर चढविलें होतें. त्यांनीं पेज कधीं एवढी केली नव्हती, म्हणून पाणी किती घालावें असें त्या विचारूं लागल्या. मीं त्या शेवटच्या बांकावरच्या मुलाकडे पाहिलें नाहीं. मुद्दाम दुसरीकडे पाहिलें. तो आपण होऊनच पुढें आला आणि म्हणाला, "एका वाटीला आठ वाट्या पाणी. आणि मीठ शेवटीं घालायचें, आधीं नाहीं." ब्रेड-बटरवाला मुलगा पळी घेऊन ढवळूं लागला, तेव्हां त्यानें त्याच्या हातांतून ती काढून घेतली, तळाला लागेल, म्हणाला.